पहिल्या वर्गाचं धरण

आत्या तळ्यावर नोकरीला लागली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. नगरपालिकेने तिला ते विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही. होडीची तिकिटं फाडायला माणूस हवा होता, आणि तिकिटं फाडायला काय पोहावं लागतं? लाकडी खोपटाच्या खिडकीमागे ती बसायची, पैसे घ्यायची, तिकीट द्यायची, आणि पाण्याकडे शक्यतो बघायची नाही. धक्क्यावर तर ती पाऊलही टाकत नसे.

हे सगळ्यात आधी म्हाताऱ्या नावाड्याच्या लक्षात आलं. तो एक दिवस खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, तुमचं आणि पाण्याचं भांडण आहे का?"

"भांडण कसलं? ओळखच नाही."

"मग करून देतो की."

आणि त्याने करून दिली. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी, काठाजवळच्या उथळ पाण्यात, आत्या चांगली वाढलेली, अंगापिंडाने भरलेली बाई असताना लहान मुलीसारखी त्याचा हात घट्ट धरून पाण्यावर आडवी व्हायला शिकली. ती सांगायची की पहिल्यांदा पाण्याने तिला उचललं तेव्हा तिला हसूच आवरेना. इतकं जड अंग, आणि हे काहीच न मागता उचलतंय! पुढच्या उन्हाळ्यात ती तळं आरपार पोहून गेली. पुढे नावाड्याच्या गुडघ्यांनी संप केला, तेव्हा होड्याही तिच्याकडे आल्या आणि पोहायला शिकणारी मुलंही.

आत्या ती माझी, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. गावातल्या निम्म्या लोकांना तिने पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं. लांबून नुसते हात हलताना दिसले तरी ती सांगायची, तो पोस्टमन, ती औषधाच्या दुकानातली, तो बघा आपला न्हावी, अजून पाणी कापतोय की केस तेच कळत नाही.

तळं तसं छोटंच. फार पूर्वी इथे सुताची गिरणी होती, तिच्यासाठी ओढ्यावर मातीची भिंत घातली होती. गिरणी बंद पडली, भिंत आणि पाणी मागे राहिलं. ते नगरपालिकेने घेतलं, दोन बाकडी टाकली, होड्या आणल्या, आणि गावाला सुट्टीच्या दिवशी जायला जागा झाली. भिंतीवर इतकं गवत वाढलं होतं की ती भिंत आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे. लोक तिच्यावर चटई टाकून डबे खायचे, पोरं तिच्यावरून गडगडत खाली जायची. धरण म्हटलं की डोळ्यांपुढे उंच दगडी काम येतं, पोलादी दरवाजे येतात. आमच्याकडे धरण आहे असं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही विचारलं असतं, कुठे?

मग एक दिवस धरण तपासणारे इंजिनिअर आले.

डोक्यावर कापडी टोपी, हातात काठी, पायात गमबूट. तळ्यावर येणारा प्रत्येक माणूस पाण्याच्या बाजूला जातो. हे गृहस्थ उलट दिशेला उतरले, भिंतीच्या पाठीमागे. खोपटातून आत्याला नुसती त्यांची टोपी दिसत होती. ती पुढे सरकायची, थांबायची, नाहीशी व्हायची, पुन्हा वर यायची. आत्याला राहवेना. ती जाऊन बघते तर साहेब गुडघ्यांवर बसलेले, तळहात गवतावर टेकलेला.

"काही हरवलंय का?"

"हरवू नये म्हणून बघतोय," ते म्हणाले, आणि हात पुसत उठले.

ते ओल शोधत होते. मातीच्या भिंतीतून थोडं पाणी झिरपतंच, पण कुठे झिरपतं, किती, आणि स्वच्छ येतं की गढूळ, यावर सगळं असतं. गढूळ आलं तर समजायचं की पाणी आतली माती घेऊन निघालंय. शिवाय घुशींची बिळं, झाडांची मुळं, खचलेली जागा. आत्या त्यांच्याबरोबर संध्याकाळपर्यंत फिरली. तिला मोठी गंमत वाटली. इतकी वर्षं ज्याच्या अंगाखांद्यावर बसलो त्याची कुणी नाडी तपासतंय, जीभ बघतंय!

"तब्येत कशी आहे मग?" तिने शेवटी विचारलं.

"वयाच्या मानाने ठणठणीत. फक्त सांडवा अरुंद आहे." सांडवा म्हणजे तळं भरून वाहायला लागलं की जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर जावं म्हणून भिंतीच्या एका टोकाला ठेवलेली वाट. आमचा सांडवा म्हणजे एक शेवाळलेला नाला होता. त्यात पोरं कागदाच्या होड्या सोडायची.

पुढे काही आठवड्यांनी निकाल लागला. आमचं धरण इतके दिवस तिसऱ्या वर्गात होतं. ते एकदम पहिल्या वर्गात गेलं.

नगराध्यक्षांना आभाळ ठेंगणं झालं. साधा माणूस, स्वतः कधी पहिल्या वर्गात पास झालेला नाही, त्यामुळे त्याचं कौतुक जास्तच. त्यांनी लगेच पेंटर बोलावला आणि तळ्याच्या फाटकावर पाटी रंगवायला घेतली. सोनेरी अक्षरं, भोवती वेलबुट्टी. 'पहिल्या वर्गाचं' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा इंजिनिअर साहेब पुन्हा आले. पाटी बघून ते क्षणभर थांबले, मग नगराध्यक्षांचा दंड हलकेच धरून त्यांना बाजूला घेऊन गेले. आत्या खोपटातून बघत होती. ती म्हणायची, नगराध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळताना मी डोळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी नगराध्यक्षांना जे सांगितलं ते नंतर आत्यालाही सांगितलं. धरणाचा वर्ग त्याच्या गुणांवर ठरत नाही. भिंत चांगली की वाईट, जुनी की नवी, याच्याशी त्याचा संबंध नसतो. उद्या ही भिंत फुटलीच, तर खाली काय जाईल, एवढंच त्यात बघतात. नुसतं कुरण जाणार असेल तर तिसरा वर्ग. रस्ता, पूल, विजेचे खांब जाणार असतील तर दुसरा. माणसं जाणार असतील तर पहिला.

"पण आमचं धरण तर होतं तसंच आहे," आत्या म्हणाली.

"धरण तसंच आहे. खाली माणसं राहायला आली."

"खाली म्हणजे कुठपर्यंत?"

"या, दाखवतो."

ते तिला भिंतीच्या माथ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, पाण्याकडे पाठ करा. आत्या वळली. ती त्या भिंतीवर किती वेळा उभी राहिली असेल याचा हिशेब नाही. पण प्रत्येक वेळी मुलांवर नजर ठेवायला, होड्या मोजायला, तोंड पाण्याकडे. आता पहिल्यांदा तिने दुसरीकडे नीट पाहिलं. ओढा खाली वळसे घेत गेलेला. गिरणीच्या काळात जिथे गुरं चरायची, तिथे छपरंच छपरं. वाळत घातलेले कपडे. शाळेच्या टेकडीखालचं मैदान. दवाखान्याची पांढरी भिंत. मी जिथे नोकरी करायचे ते पाळणाघर, त्याच्या अंगणातली लाल घसरगुंडी. आणि ओढ्याच्या अगदी वळणावर माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, हौसेने बांधलेलं आमचं घर.

साहेबांनी नकाशा उलगडला. त्यावर निळ्या रंगाचा एक पट्टा होता, भिंतीपाशी अरुंद, खाली उतरत हात पसरल्यासारखा. आत्याने त्याच्यावर शेवटपर्यंत बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ती त्या निळ्या पट्ट्यातून चालत खाली आली. पाणी ज्या वाटेने येईल त्या वाटेने. दर घरापाशी थांबली. दर घरात तिने शिकवलेलं कुणी ना कुणी होतंच, त्यामुळे लोकांना वाटलं, आत्या सहज भेटायला आली. पाळणाघरात ती आली तेव्हा दुपारची झोपेची वेळ होती. मुलं चटयांवर ओळीने झोपलेली, कुणाचं तोंड उघडं, कुणाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. मी तोंडावर बोट ठेवून तिला खूण केली. ती दारातच उभी राहिली. मी तिला खूप माणसांकडे बघताना पाहिलंय, पण तसं बघताना कधीच नाही. मोठ्या डोंगरासमोर अचानक आल्यावर माणूस जसा बोलायचं विसरतो, तशी ती त्या झोपलेल्या पोरांसमोर उभी होती.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. वडील चहा पीत होते. आत्याने खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि भांड्यांच्या फळीच्याही वर भिंतीवर बोट टेकलं.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

"काय इथपर्यंत?"

"पाणी."

वडिलांना आधी हसू आलं, मग राग. "ताई, तू लोकांची पाण्याची भीती घालवतेस आणि आमच्या घरात येऊन भीती घालतेस? जन्मभर त्या तळ्याने कुणाचं काही वाईट केलंय का?"

"नाही केलं. गरीब गायीसारखं आहे ते. पण अरे, ती गाय केवढी आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

ती खुर्चीवरून उतरली आणि तिथेच बसली. वडिलांनी आपला कप तिच्यापुढे सरकवला. पुढे भांडण झालं नाही.

गावाची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. मोठ्या पावसात अरुंद सांडव्याला पाणी आवरलं नाही, तर ते मातीच्या भिंतीवरून जाऊन ती फोडेल, म्हणून साहेबांनी दोन मार्ग सांगितले. एक, भिंत कायमची काढून टाकायची आणि ओढा मोकळा सोडायचा. दुसरा, तळं रिकामं करून सांडवा मोठा करायचा, भिंत मजबूत करायची आणि मग पुन्हा भरायचं. दोन्हीत तळं जाणार होतं, एकात कायमचं, एकात काही काळ. हॉलमध्ये कल्ला उसळला. कुणी म्हणालं आमचे आजोबा त्यात पोहले. कुणी म्हणालं हे सगळं कंत्राटदारांचं कारस्थान. हार्डवेअरवाल्याने तर तिसराच मार्ग काढला. "फेरतपासणीचा अर्ज करू ना! पोरं पेपर पुन्हा तपासायला देतात, तसं. दुसऱ्या वर्गावर आणा म्हणावं." लोक खो खो हसले, पण अर्ध्या लोकांना ते मनापासून पटलं होतं.

सगळ्यांना खात्री होती की आत्या तळ्याच्या बाजूने भांडणार. होड्या तिच्या, मुलं तिची, तळं गेलं तर तिचं राहिलं काय? ती उठली तेव्हा टाळ्याही पडल्या.

"तळं रिकामं करा," ती म्हणाली.

टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले.

"मी इतकी वर्षं तुमच्या पोरांवर लक्ष ठेवलं. पाण्यात असताना. पाण्याबाहेर पडून ती घरी झोपतात तिथे कुणाचं लक्ष होतं? माझं तर नव्हतं. तळं रिकामं करा, काय करायचं ते नीट करा, आणि मग भरा. तोवर मी काठावर बसते. बसायचा मला सराव आहे."

मग माझे वडील उठले आणि म्हणाले, "मी ताईच्या बाजूने." एवढंच. पण त्यांच्या मागोमाग एकेक हात वर जाऊ लागला. हार्डवेअरवाल्याचा सगळ्यात शेवटी, तोही कोपरापर्यंतच.

तळाचा व्हॉल्व्ह शेवटचा कुणी उघडला होता हे सांगणारा माणूसही जिवंत नव्हता. चाक गंजून दगड झालं होतं. फिटरने तेल ओतलं, ठोकलं, लांब पाइप लावून चौघांनी जोर केला, तेव्हा कुठे ते करकरत हललं. आधी पोटातून ढेकर यावी तसा आवाज आला, मग काळं, थंड पाणी भिंतीच्या पाठीमागे ओढ्यात पडू लागलं. घाई करायची नव्हती, घाई केली तर ओली भिंत ढासळते. म्हणून तळं हळूहळू, रोज थोडं थोडं खाली बसत गेलं. मासे जाळ्यांनी धरून पिंपांत भरून नदीत सोडले. होड्या चिखलावर कुशीला पडल्या.

आणि मग तळ उघडा पडला.

ते बघायला सगळं गाव आलं, पण पहिली उतरली आत्या. तिच्या मागे मी. चिखल वाळून वर पापुद्रा धरला होता. जिथे आम्ही पोहायचो, जिथे पाय कधी टेकले नाहीत, तिथे खाली एक रस्ता होता. दगडी, दोन्ही बाजूंना चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. तो रस्ता एका छोट्या कमानीच्या पुलावरून जात होता. पूल शाबूत, एक दगड हललेला नाही. पुढे झाडांचे बुंधे, ओळीने, कुणी एके काळी रस्त्याला सावली म्हणून लावलेली. आत्या त्या पुलावर उभी राहिली आणि वर बघू लागली. मीही वर पाहिलं. वर नुसतं आकाश होतं. पण तिच्या डोक्यावर जिथपर्यंत पाणी असायचं, तिथे काठावरच्या दगडांवर रेघ उमटली होती, आणि ती रेघ भिंतीखालच्या घरांच्या छपरांपेक्षाही उंच होती.

"एवढं सगळं माझ्या पोटाखाली होतं," ती म्हणाली. "आणि मी वर हात मारत होते."

तळ्याच्या मधोमध एक जागा होती, तिथे उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं गार लागायचं. मुलांना ती सांगायची, तिकडे जाऊ नका, पाय आखडतील. ती जागा आम्ही शोधून काढली. तिथे चिखल नव्हता, पांढरी स्वच्छ वाळू होती आणि ती उकळल्यासारखी हलत होती. खालून झरा येत होता. वाळूचे कण वर उडायचे, गोल फिरायचे, पुन्हा बसायचे, अजिबात आवाज न करता. भिंत नव्हती, गिरणी नव्हती, गावही नव्हतं, तेव्हापासून हे असंच चालू असणार. आत्या खाली बसली आणि तिने हात त्या वाळूत घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. मी पाहिलं तर तिचे डोळे भरून वाहत होते, आणि तोंडावर हसू.

काम सुरू झालं. तळं कोरडं असलं तरी आत्याने शिकवणी बंद केली नाही. शाळेच्या हॉलमध्ये बाकांवर मुलांना पालथं झोपवून ती हातपाय मारायला लावायची. श्वास रोखायला बादल्या. एका पोराने बादलीत तोंड घालून इतक्या जोरात फुंकलं की मुख्याध्यापकांच्या विजारीला आंघोळ झाली. हार्डवेअरवाला म्हणायचा, आत्या आता पोरांना सिमेंटमध्येही पोहायला शिकवेल.

सांडवा बांधून झाला तेव्हा तो बघून लोकांना हसू आलं. केवढी ती रुंद पायऱ्यापायऱ्यांची काँक्रीटची वाट, आणि तिच्यातून वाहतंय काय, तर काही नाही. खालच्या घरांसाठी भोंगा बसवला. तो वाजला की कुणी कुठल्या वाटेने शाळेच्या टेकडीवर जायचं, हे आत्याने घरोघर जाऊन सांगितलं. पाळणाघरातल्या पोरांना तर तो खेळच वाटायचा. भोंगा वाजला की दोरी धरायची आणि गाणं म्हणत टेकडी चढायची.

तळं भरायला लागलं तेव्हा साहेब आले. आत्याने त्यांना विचारलं, "आता वर्ग कुठला? तिसरा तरी देणार की नाही?"

ते हसले. "पहिलाच राहणार, आत्या." तेही तिला आत्याच म्हणू लागले होते. "भिंत कितीही भक्कम केली तरी खाली माणसं आहेतच ना. ती आहेत तोवर पहिला."

आत्या विचारात पडली. मग म्हणाली, "मग बरंच आहे की."

त्यानंतर दोन वर्षांनी तो पाऊस आला. असा पाऊस गावात कुणी पाहिला नव्हता. सकाळी उजाडलंच नाही असं वाटलं, आणि दुपारपर्यंत ओढ्याने काठ सोडले. भोंगा वाजला. माणसं निघाली, कुणी घाबरून, कुणी कुरकुरत. आमची पोरं दोरी धरून गाणं म्हणत चढली, आणि त्यांच्या गाण्यामुळे मोठ्यांनाही धीर आला. वडील सगळ्यात शेवटी आले, घराला कुलूप लावून. शाळेच्या व्हरांड्यातून आम्ही खाली बघत होतो.

आत्या धरणावर होती. पाणी किती चढलं ते बघून कळवायचं काम तिचं होतं. नंतर तिने मला सगळं सांगितलं. तळं रोज ओळखीचं दिसायचं, त्या दिवशी दिसेना. तपकिरी, फुगलेलं, पाठ वर काढलेलं. ते काठ चढलं, बाकडी गिळली, खोपटाच्या पायरीला लागलं. मग सांडव्याच्या ओठाशी येऊन जणू थबकलं, आणि सगळंच्या सगळं एकदम पलीकडे वाकलं.

आवाज आधी तिच्या पायांना कळला, कानांना नंतर. भिंत थरथरत होती. ज्या पायऱ्यांना आम्ही हसलो होतो, त्या दिसेनाशा झाल्या होत्या. नुसतं पांढरं, उसळणारं पाणी, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि तरीही वाट सोडून हातभरही बाहेर नाही. तिला भीती वाटली का, मी विचारलं. ती म्हणाली, भीती सुरुवातीला वाटली. मग वाटलं, आपल्यासमोर कुणीतरी फार मोठं उभं आहे, आपल्याला बघतही नाही, आणि आपल्यासाठी ठेवलेल्या वाटेने निमूट चाललंय.

मध्येच ती पाठीमागच्या उतारावर जाऊन आली. गवतावर हात टेकून झिरपणारं पाणी पाहिलं. स्वच्छ होतं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांना येता येत नव्हतं, त्यांच्याकडे अशी कितीतरी धरणं होती आणि सगळीकडे तोच पाऊस. ते विचारत होते, सांडवा घेतोय का पाणी? आत्याने फोन हातात उंच धरला आणि सांडव्याच्या दिशेला केला.

पलीकडून साहेबांनी फोन ठेवला नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले.